कोऱ्या बोटाची झाडाझडती

मागच्या अंकात ह्याच पानांवर माझी एक कविता आली. मतदानाच्या दिवशी मी माझं बोट कोरं ठेवलं, ह्या व्यवस्थेची शाई अंगाला लावून घेतली नाही, अशा मतलबाची. दोस्तांना आवडली. वाचनाला टाळ्या पडल्या. मीही चार दिवस छाती काढून हिंडलो.

पाचव्या दिवशी घोटाळा झाला. सावेडीत गुलमोहर रोडच्या अंगाला एक सोसायटी आहे, तिथं माझी आई जिने झाडते. तिनं कौतुकानं अंक नेऊन दुसऱ्या मजल्यावरच्या साहेबांना दाखवला. साहेबांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, "वा, अगदी आमच्या मनातलं लिहिलंत तुम्ही. आम्हीसुद्धा जात नाही मत द्यायला. सगळे चोर." आणि मग सांगितलं, 13 मे 2024 ला लोकसभेचं मतदान सोमवारी आलं होतं, तेव्हा शनिवार-रविवार जोडून सगळं घर महाबळेश्वरला जाऊन आलं.

त्या रात्री गिरणीत धागे जोडताना माझं लक्ष लागेना. माझ्या विद्रोहाला महाबळेश्वरवाला टाळी देतो, म्हणजे कवितेतच कुठंतरी धागा तुटलेला आहे. तो कुठं तुटला हे शोधायला हे लिहितोय. दुसऱ्याच्या कवितेची चिरफाड आपण लई करतो. आज माझीच घेतो टेबलावर.

प्रश्न साधा आहे. जो माणूस ठरवून मत देत नाही, त्याला बोल लावावा का?

पांढरपेशा समाजाचं उत्तर ठरलेलं आहे. मत दिलं नाही तर तक्रार करायचा हक्क नाही. निवडणूक आली की भिंती रंगतात, शाळेच्या पोरांच्या फेऱ्या निघतात, आणि सगळीकडं एकच कीर्तन, की मतदान म्हणजे सगळ्या दानांत मोठं दान. मला पहिली खटकते ती ही भाषा. दान? अन्नदान, गोदान, कन्यादान, आणि त्याच रांगेत मतदान? आमच्या आज्या-पणज्यांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या दारात बलुतं मागितलं. दान हा देणाऱ्याच्या पुण्याचा शब्द आहे आणि घेणाऱ्याच्या लाचारीचा. मत हे असलं काही नाही. 1919 मध्ये साउथबरो कमिटीपुढं बाबासाहेबांनी अस्पृश्यांसाठी मताचा हक्क मागितला. त्या काळात मत होतं ते जमीनवाल्याला, कर भरणाऱ्याला. 1928 मध्ये सायमन कमिशनपुढं त्यांनी प्रौढ मताधिकार मागितला. हे दान मागणं नव्हतं. हिशेब मागणं होतं. राज्यघटनेच्या 326 व्या कलमात तो हिशेब लिहिला गेला. म्हणून मी ह्या लेखात जमेल तिथं 'मतदान' म्हणणार नाही, 'मत देणं' म्हणणार आहे. जुनी सवय आहे, कुठं चुकलो तर सांभाळून घ्या.

आता तक्रारीच्या हक्काचं. बोलायचा हक्क घटनेच्या 19 व्या कलमात आहे. त्याच्यापुढं कुठं लिहिलेलं नाही की आधी बोट दाखवा. ज्याच्या घरात नळाला पाणी येत नाही त्यानं मत दिलं असो नसो, पाणी त्याचंच आहे. मत न देणाऱ्याचं तोंड बंद करणारे लोक बहुतेक करून आधीपासूनच आमचं तोंड बंद करायच्या नादात असतात, त्यांना फक्त नवं कारण सापडलेलं असतं.

काही जण म्हणतात सक्ती करा, दंड ठोका, ऑस्ट्रेलियात करतात. करतात खरं, 1924 पासून. पण तिथल्या मूळच्या आदिवासींना देशाच्या निवडणुकीत सरसकट मताचा हक्क मिळाला 1962 मध्ये. म्हणजे गोऱ्यांवर मत द्यायची सक्ती झाली, त्यानंतर 38 वर्षांनी काळ्यांना मत द्यायची परवानगी मिळाली. सक्तीचं कौतुक करताना हाही हिशेब मांडत जा. आपल्या शेजारच्या गुजरातनं स्थानिक निवडणुकांपुरता असा सक्तीचा कायदा केला, तर 2015 मध्ये हायकोर्टानं तो रोखून धरला.

तर मग मत न देणारा निर्दोष? एवढ्यावर थांबलो तर महाबळेश्वरवाले साहेब परत टाळी देतील. थांबता येत नाही.

मत न देणारा हा एक माणूस नाही, हीच माझ्या कवितेची पहिली चूक. कवितेत नुसतं 'बोट' आहे, बोट कुणाचं ते नाही. पाथर्डी, शेवगाव, जामखेडची कोयता घेऊन जाणारी माणसं घ्या. 2024 ची विधानसभा 20 नोव्हेंबरला झाली आणि कारखान्यांचा गाळप हंगाम 15 नोव्हेंबरपासून ठरलेला. मुकादमाची उचल घेतलेला माणूस बैलगाडीबरोबर पश्चिमेला उतरला, त्याचं नाव राहिलं गावाच्या यादीत. त्याचंही बोट कोरंच. त्याला कुणी बोल लावणार असेल तर आधी त्यानं एक हंगाम ऊस तोडून दाखवावा.

आमच्यासारख्या पाळीवाल्यांचं घ्या. लोकप्रतिनिधित्व कायद्यात 135-ब कलम आहे. मत द्यायच्या दिवशी कामगाराला पगारी सुट्टी द्यायची. नाही दिली तर मालकाला दंड पाचशे रुपयांपर्यंत. पाचशे! मालकाच्या ड्रायव्हरचा एक दिवसाचा भत्ता जेवढा, तेवढी आमच्या मताची किंमत कायद्यानं लावली.

आता इथं मला कबुली द्यावी लागते. कवितेत मी असा आव आणलाय की त्या 13 मेला गिरणीनं मला अडवलं आणि मी त्या रागानं नकार दिला. सुट्टी कागदावर होती, पाळी लागलेली होती, एवढं खरं. पण माझी पाळी सकाळी सातची. दुपारी तीनला सुटलो. मतदान सहापर्यंत होतं. शाळा माझ्या खोलीपासून दोन गल्ल्यांवर. तीन तास हातात होते. मी चहाच्या टपरीवर बसलो आणि कविता लिहिली. मला कुणी अडवलं नव्हतं. कोयतेवाल्याचं कोरं बोट मी उसनं घेतलं आणि स्वतःच्या हाताला लावलं. दुसऱ्याचं दुःख आपल्या नावावर खपवणं हे आपण मध्यमवर्गी लेखकांना नेहमी ऐकवतो. तेच मी केलं.

चूक दुसरी. कवितेत मी ह्या कोऱ्या बोटाला पँथरचा वारसा सांगितला. हे जास्त वाईट, कारण वारसा सांगायचा तर आधी वारशाचा सातबारा वाचावा लागतो. मी वाचला तो कविता छापून आल्यावर.

पँथर निघाली 1972 मध्ये. बावड्याला गावानं दलितांवर बहिष्कार टाकलेला, ब्राह्मणगावात दलित बायांची विटंबना झालेली, आणि सरकार ढिम्म. जानेवारी 1974 मध्ये मध्य-दक्षिण मुंबईत लोकसभेची पोटनिवडणूक लागली. गिरण्यांचा, चाळींचा सगळा पट्टा. काँग्रेसचे उमेदवार रामराव आदिक, शिवसेनेचा त्यांना पाठिंबा. पँथरनं जाहीर केलं, ह्या निवडणुकीवर आमचा बहिष्कार. शब्द बघा. बहिष्कार. हजारो वर्षं जो शब्द गाव आमच्यावर टाकत आलं, बाबासाहेबांनी 1927 मध्ये ज्यातून आपल्या पत्राचं नाव काढलं, तो शब्द पँथरनं उचलून सत्तेवर टाकला. 5 जानेवारीला वरळीला सभा झाली. सभेवर दगड आले, पोलिसांच्या लाठ्या आल्या. बीडीडी चाळी कितीतरी दिवस पेटलेल्या. 10 जानेवारीच्या मोर्चात वरून टाकलेल्या दगडानं भागवत जाधव गेला. पोलिसांच्या गोळीनं रमेश देवरुखकर गेला.

हे मत न देणं होतं. आधी सांगून, मैदानात उभं राहून, कारण देऊन, सगळ्यांनी मिळून, आणि जिवाची किंमत मोजून. ह्याला बोल लावायची माझी काय, कुणाचीच लायकी नाही. आदिक पडले. आमच्याशिवाय चालतं असं समजणाऱ्यांना कळलं की चालत नाही.

त्यापुढं मी ठेवलं काय? टपरी, कटिंग चहा आणि कोरं बोट. माझ्या बहिष्काराची खबर चहावाल्यालाही नव्हती. ज्या नकाराची कुणाला खबर नाही, ज्याची मागणी नाही, ज्याला दुसरा माणूस जोडलेला नाही, तो बहिष्कार नसतो. ती गैरहजेरी असते. आणि गैरहजेरी सगळ्यांची सारखीच दिसते. साहेबांची महाबळेश्वरची आणि माझी टपरीवरची, मतमोजणीच्या कागदावर दोन्हीचा आकडा एकच. म्हणून त्यांना माझी कविता आपली वाटली. त्यांचं काही चुकलं नाही.

पण पँथरच्या बहिष्कारापाशीही डोळे मिटून उभं राहता येत नाही. तिथं निवडून कोण आलं? कम्युनिस्टांच्या रोझा देशपांडे, कॉम्रेड डांग्यांच्या कन्या. आणि इथं माझ्यासारख्या उशिरा वाचणाऱ्याला ठेच लागते, कारण हाच धागा मागं 1952 ला जातो.

स्वातंत्र्यानंतरची पहिली निवडणूक. उत्तर मुंबईत एका मतदारसंघातून दोन खासदार, एक सर्वसाधारण जागा, एक राखीव. प्रत्येकाला दोन मतं. राखीव जागेवर बाबासाहेब, समाजवाद्यांचे अशोक मेहता त्यांच्या जोडीला. डांगेही त्याच मतदारसंघात उभे. डांग्यांच्या बाजूनं प्रचार झाला की एक मत आम्हाला द्या आणि दुसरं कुजवा. कुजवा हाच शब्द. घटना लिहिणारा माणूस नारायण काजरोळकरांपुढं साडेचौदा हजार मतांनी पडला. बाबासाहेबांनी आणि मेहतांनी त्यावर तक्रारअर्ज केला. 74,333 मतं बाद धरली गेली, असं त्यात मांडलं होतं. अर्ज फेटाळला गेला.

म्हणजे न दिलेलं मत हवेत विरत नाही, हे आम्हाला तेव्हाच शिकवलं गेलं. ते कुणाच्या तरी अंगावर पडतं. 1952 मध्ये ते बाबासाहेबांच्या अंगावर पडलं.

गोष्ट इथं संपत नाही. 1954 मध्ये भंडाऱ्याला पोटनिवडणूक लागली. परत दोन जागा, परत बाबासाहेब आणि अशोक मेहता. कार्यकर्त्यांनी बाबासाहेबांना गळ घातली, असं जुनी माणसं सांगत आलीत. आपल्या माणसांना सांगू या, एक मत तुम्हाला आणि दुसरं कुजवा, म्हणजे आपली जागा पक्की होते. ज्यानं दोन वर्षांपूर्वी ह्याच हत्यारानं मार खाल्ला होता, त्याच्या हातात तेच हत्यार दिलं जात होतं. बाबासाहेब नाही म्हणाले. मेहता निवडून आले, बाबासाहेब पडले.

ही गोष्ट मला झोपू देत नाही. कुणाला हा भाबडेपणा वाटेल. मला तसं वाटत नाही. हाच तो माणूस, 25 नोव्हेंबर 1949 ला घटना समितीत उभं राहून बजावणारा की राजकारणात एक माणूस एक मत हे मूल्य आलं, पण समाजात आणि रोजीरोटीत विषमता तशीच राहिली तर हा सगळा डोलारा उद्ध्वस्त होईल. मताची मर्यादा त्याला आपल्यापेक्षा जास्त कळत होती. तरी त्यानं मत कुजवायला सांगितलं नाही. कारण कोंड्याचा मांडा करणाऱ्या घरात दाणा कुजवत नसतात. ज्यांच्याकडं दुसरं काही आहे त्यांना एक दाणा कुजला तर फरक पडत नाही. साहेबांच्या ओळखी आहेत, फोन आहे, नगरसेवक त्यांच्या सोसायटीच्या पूजेला येतो. त्यांचं मत रोज चालू असतं, पाच वर्षांतून एकदा नाही गेलं तरी भागतं. आमच्याकडं तो एकच दाणा.

इथं माझ्या कवितेच्या बाजूनं जे खरं आहे तेही सांगितलं पाहिजे. फुकट मार खायला कविता तरी का ठेवू?

17 एप्रिल 2014 ला आपल्या नगर मतदारसंघात लोकसभेचं मत झालं. जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याच्या वस्तीतली माणसंही त्या दिवशी रांगेत उभी असणार. त्यानंतर अकराव्या दिवशी, 28 एप्रिलला, त्याच खर्ड्यात शाळकरी दलित पोराचा जीव घेतला गेला. पोरगीशी बोलतो ह्या संशयावरून. नोव्हेंबर 2017 मध्ये नगरच्या कोर्टातून आरोपी सुटले, साक्षीदार फुटले. त्या वस्तीतला माणूस पुढच्या वेळी म्हणाला, की आता कशाला जायचं, तर त्याला लोकशाहीचं प्रवचन देणाऱ्याची जीभ झडो. ह्या माणसाचा नकार माझ्या कवितेत यायला पाहिजे होता. आला नाही. मी शाईबद्दल लिहीत बसलो.

आणि ह्या माणसाला नकारही सुखानं देता येत नाही. मत गुप्त असतं, पण मत न देणं गुप्त नसतं, हे शहरात कळत नाही, गावात कळतं. बोटाला शाई नसली की चावडीवर दिसतं. केंद्रात यादीवर खूण नसली की कळतं. कुणाला मत दिलं तेही वस्तीपुरतं फार झाकलेलं राहत नाही, कारण मोजणी केंद्रवार होते आणि वस्तीचं केंद्र कुठलं ते सगळ्यांना ठाऊक. सगळी मतं एकत्र मिसळून मोजायचं यंत्र निवडणूक आयोगानं 2008 मध्येच सुचवलं होतं, सरकारनं ते मानलं नाही. तेव्हा पैसेवाल्याचं कोरं बोट म्हणजे त्याची मर्जी, आणि गरिबाचं कोरं बोट म्हणजे त्याच्यावरचा पुरावा.

27 सप्टेंबर 2013 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल मला म्हणून महत्त्वाचा वाटतो. आधी कुणालाच मत द्यायचं नसेल तर केंद्रावर वहीत तशी नोंद करून सही-अंगठा द्यावा लागायचा. म्हणजे नकार द्या, पण नाव लिहून द्या. कोर्ट म्हणालं, नकारही गुप्त पाहिजे. त्यातून 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण आलं, ज्याला आपण नोटा म्हणतो. लोकसभा-विधानसभेत त्या बटणानं कुणी पडत नाही हे खरं. पण आपल्या राज्य निवडणूक आयोगानं नोव्हेंबर 2018 मध्ये स्थानिक निवडणुकांपुरता आदेश काढला. नोटा हा काल्पनिक उमेदवार धरायचा, त्याला सगळ्यात जास्त मतं पडली तर निवडणूक परत घ्यायची. लगेच पुढच्या महिन्यात, 9 डिसेंबर 2018 ला, नगरची महापालिका निवडणूक झाली. म्हणजे माझ्या सावेडीतल्या शाळेत नकाराचं हत्यार पोचलेलं होतं, तेही झाकलेलं. मला त्याचा पत्ता नव्हता. नकाराची कविता करणाऱ्यानं नकाराचा कायदा वाचलेला नव्हता.

अजून एक. त्या महापालिकेची मुदत डिसेंबर 2023 ला संपली आणि पुढं दोन वर्षं निवडणूकच झाली नाही. प्रशासकाचा कारभार. गटार तुंबलं तर कुणाच्या दारात जायचं ते ठाऊक नाही. तेव्हा शाळेच्या पोरांच्या फेऱ्या कुठं होत्या? मत न देणाऱ्या माणसाला बोल लावणारे मत न घेणाऱ्या सरकारला का बोल लावत नाहीत? टीका करायचीच तर ती आधी वर जाऊ द्या, मग खाली येऊ द्या.

पण खाली आलीच पाहिजे, आणि माझ्यापर्यंत आलीच पाहिजे.

साहेबांना मी बोल लावतो. ज्याला जाता येतं, ज्याचं काही बिघडणार नाही, ज्याला कुणी विचारणारही नाही, त्याचं न जाणं हा नकार नाही. भरल्या पोटाचा आळस आहे. आणि त्याची किंमत तो भरत नाही, खालचा भरतो. स्वतःला मी जास्त बोल लावतो, कारण मी आळसाला विद्रोहाचं नाव दिलं. खर्ड्याच्या माणसाला मी बोल लावत नाही. त्याला फक्त विचारतो, एकटा राहू नकोस, नकार द्यायचा तर सगळे मिळून देऊ, कारण सांगून देऊ. एकट्याचा नकार त्याच्याच अंगावर उलटतो. पँथरचाही टिकला नाही, कारण त्याच वर्षी पँथर फुटली आणि बहिष्काराच्या दुसऱ्या दिवशी काय करायचं हे सांगायला एक तोंड राहिलं नाही.

आता शेवटची कबुली, म्हणजे झाडाझडती पुरी होईल. जानेवारी 2026 मध्ये महापालिकेची निवडणूक झाली एकदाची. आई सकाळीच तयार. मी म्हटलं, "कशाला जातीस? कोण तुला ओळखतं त्यातलं?" ती म्हणाली, "आरं, मी काय त्यांच्यासाठी जाती व्हय? यादीत आपलं नाव हाय का गेलं ते बघाया जाती. आपण जायाचं सोडलं ना, की नाव कवा खोडलं ते बी कळत न्हाई. चल ऊठ, तुझं बी बघ."

मी गेलो. दोघांची नावं होती. मत दिलं. कुणाला, ते सांगत नाही. आणि हे सगळं झाल्यावर, दीड वर्ष वहीत पडलेली ती कोऱ्या बोटाची कविता मी अंकाला पाठवली. टाळी पडते म्हणून. आईबरोबर रांगेत उभं राहिलेला मी त्या कवितेत कुठंच नाही.

संपादकांना विनंती, पुढं कधी निवडक कवितांचा अंक काढलात तर ही कविता घेऊ नका. मला ती पुन्हा लिहायची आहे. ह्या वेळी आईच्या बाजूनं, यादीवर बोट फिरवत नाव शोधणाऱ्या बाईच्या बाजूनं. तिला वाचता येत नाही. आमचं आडनाव कसं दिसतं तेवढं तिला पाठ आहे.

जयभीम.